थ्रॉटलस्टॉप: प्रोसेसरचे पाय कोण ओढतंय ते सांगणारं फुकटचं सॉफ्टवेअर

लॅपटॉप स्लो झाला की आपल्याकडे उपायांचा क्रम ठरलेला असतो. आधी अँटिव्हायरस, मग फॉरमॅट, मग रॅम, मग एसएसडी. एवढं सगळं करूनही दोन टॅब उघडल्यावर मशीन हँग होत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि ‘स्पीड’चा आकडा बघा. भरपूर काम चालू असतानाही तो ०.७९ किंवा ०.३९ गीगाहर्ट्झवर खिळलेला असेल, तर फॉरमॅट कितीही वेळा मारा, फरक पडणार नाही. प्रोसेसरला कुणीतरी दाबून ठेवलेलं आहे. कुणी, हे टास्क मॅनेजर सांगत नाही. थ्रॉटलस्टॉप सांगतं, आणि त्याच एका गुणासाठी ते इंटेलच्या प्रत्येक स्लो लॅपटॉपवर एकदा तरी चालवून बघावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

केव्हिन ग्लिन या एकट्या माणसाने लिहिलेलं हे छोटंसं सॉफ्टवेअर आहे. टेकपॉवरअपच्या साइटवर फुकट मिळतं. इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप उघडून फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवायचं आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. फक्त विंडोज, फक्त इंटेल. लोकांनी त्याला व्होल्टेज कमी करायचं आणि गेमिंगमध्ये जास्त एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) काढायचं साधन म्हणून डोक्यावर घेतलं. त्याची खरी किंमत निदानात आहे, आणि हा लेखही मुख्यतः त्यावरच आहे.

निदान करण्याआधी आपल्या प्रोसेसरला कंपनीने नेमका किती स्पीड कबूल केलाय ते पक्कं करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. कोअर आय७-८७५०एच घ्या. बेस, म्हणजे कायम टिकणारा स्पीड २.२ गीगाहर्ट्झ, बॉक्सवर लिहिलेला टर्बो, म्हणजे तात्पुरता वाढवलेला स्पीड, ४.१. पण ४.१ हा एका कोअरवर काम असतानाचा आकडा आहे. सहाही कोअर कामाला लागले की कमाल ३.९. तोसुद्धा वीज आणि तापमान परवानगी देतील तोवर. इंटेल हमी देते ती बेस स्पीडची, आणि तीही ठरलेल्या वॅटमध्ये. टर्बोच्या आकड्याआधी ‘पर्यंत’ हा शब्द असतोच. त्यामुळे रेंडरिंग करताना ३.२ दिसलं म्हणून मशीन बिघडलं असं होत नाही. बेसच्या खाली गेलं, किंवा साध्या कामातही बेसवरच अडकून बसलं, की शोध सुरू करायचा.

बेसवर अगदी ठोकून बसवल्यासारखा स्पीड दिसत असेल तर थ्रॉटलस्टॉप डाउनलोड करण्याआधी एक गोष्ट तपासा. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ किती टक्के आहे? ९९ असेल तर टर्बो बंद. लॅपटॉप गरम होतो म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने हा ९९ चा उपाय केलेला असतो आणि नंतर सगळे विसरून जातात. १०० करा, झालं.

आता मुख्य विंडो. पहिल्यांदा उघडली की माणूस दचकतो, इतके चौकोन आणि आकडे एकाच ठिकाणी कोंबलेले आहेत. डावीकडे सगळ्या सेटिंग, उजवीकडे प्रत्येक थ्रेडची (कोअर एका वेळी चालवतो त्या कामाच्या एका धाग्याची) ओळ. सुरुवातीला डाव्या बाजूला हातच लावू नका. उजवीकडच्या चार रकान्यांपुरतं बघा. ‘एफआयडी’ म्हणजे मल्टिप्लायर. त्याला १०० ने गुणलं की मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे ३९.०० असेल तर ३९०० आणि ८.०० असेल तर ८००. ‘सी०’ म्हणजे तो थ्रेड किती टक्के वेळ खरोखर जागा होता. ‘टेम्प’ म्हणजे तापमान. ‘मॉड’ रकान्यात १०० असायला हवं. त्याहून कमी दिसलं तर क्लॉक मॉड्युलेशन चालू आहे, म्हणजे काही टक्के क्लॉक वाया घालवले जाताहेत. जुन्या मशीनवर हा प्रकार जास्त दिसतो, आणि टास्क मॅनेजरमध्ये स्पीड ठीक दिसूनही मशीन रांगतं त्याचं एक कारण हेच.

मशीन रिकामं असताना एफआयडी ८ दिसणं यात वावगं काहीच नाही, प्रोसेसर वीज वाचवतोय. म्हणून लोड द्यायचा. त्यासाठी दुसरं काही शोधायला नको. ‘टीएस बेंच’ आतच आहे. थ्रेड्स सगळे निवडा, साइझ ९६०एम ठेवा, स्टार्ट दाबा. चार्जर लावलेला असू द्या. आणि शेजारी ‘लिमिट्स’ बटणाने उघडणारी लिमिट रीझन्सची विंडो ठेवा.

या सॉफ्टवेअरचा प्राण ही छोटी विंडो. कोअर, जीपीयू (ग्राफिक्स) आणि रिंग (या भागांना जोडणारा आतला मार्ग) असे तीन उभे रकाने आणि प्रत्येकात कारणांची नावं. एखादं कारण या क्षणी प्रोसेसरला अडवत असेल तर त्याचा चौकोन लाल होतो. मघाशी अडवलं होतं, आता नाही, तर पिवळा राहतो. खाली क्लिअर बटण आहे. प्रत्येक चाचणीआधी ते दाबायचं, नाहीतर सकाळचं पिवळं दुपारी बघून चुकीचा निष्कर्ष निघतो. अडवण्याची ही माहिती प्रोसेसर स्वतःच आपल्या रजिस्टरमध्ये नोंदवून ठेवतो. थ्रॉटलस्टॉप ती फक्त वाचतं, स्वतःचा अंदाज लावत नाही. म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

सगळ्यात महत्त्वाचा चौकोन ‘बीडी प्रोचॉट’. प्रोसेसर आपल्या मर्यादेपर्यंत तापला की तो प्रोचॉट हा सिग्नल देतो. हाच सिग्नल उलट्या दिशेनेही येऊ शकतो: मदरबोर्डवरचा दुसरा एखादा भाग, म्हणजे प्रोसेसरला वीज देणारी व्हीआरएम, चार्जिंगची सर्किट किंवा एम्बेडेड कंट्रोलर (बॅटरी, पंखा सांभाळणारी चिप), ‘मी अडचणीत आहे, तू थांब’ असं प्रोसेसरला सांगू शकतो. ही दुहेरी सोय म्हणजे बीडी प्रोचॉट. सिग्नल आला की प्रोसेसर काहीही न विचारता सगळ्यात खालच्या मल्टिप्लायरवर जातो. तापमान ४५ अंश, पंखा शांत, आणि एफआयडी ८.०० वर खिळलेला, हे चित्र दिसलं की नव्वद टक्के इथेच पाणी मुरतंय असं समजा.

सिग्नल कोण देतंय ते थ्रॉटलस्टॉप सांगू शकत नाही; ते हाताने शोधावं लागतं. पहिला संशयित चार्जर. डेल आणि एचपीच्या गोल पिनमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यातून ‘मी अमुक वॅटचा अस्सल चार्जर आहे’ ही ओळख लॅपटॉपला मिळते. ती पिन वाकली, पिनजवळ वायर आतून तुटली किंवा चार्जर डुप्लिकेट असला की ओळख पोहोचत नाही. लॅपटॉप चालू राहतो, पण जपून वीज घ्यायची म्हणून प्रोसेसर दाबला जातो. डेलमध्ये एफ२ दाबून बायोसमधल्या बॅटरी इन्फर्मेशनमध्ये जा. तिथे चार्जर किती वॅटचा ओळखला गेलाय ते लिहिलेलं असतं. ओळख पटलीच नाही असं दिसलं तर चार्जर बदलून बघा. नव्या चार्जरनेही तेच दिसलं तर लॅपटॉपमधला चार्जिंगचा जॅक. टाइप-सीवर चालणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर लावला तरी हाच गोंधळ होतो. ६५ वॅट मागणाऱ्या मशीनला ३० वॅटने भागत नाही.

साधी कसोटी: चार्जर काढा आणि बॅटरीवर लोड देऊन बघा. स्पीड सुधारला तर चार्जर किंवा जॅक. चार्जर लावल्यावर ठीक आणि बॅटरीवर पडला तर बॅटरी थकलेली आहे. अचानक लागणारा जास्तीचा करंट तिला देता येत नाही. टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसत असेल तर कसोट्या बाजूला ठेवा आणि आधी ती बॅटरी बाहेर काढून घ्या. दोन्हीकडे ८०० वरच अडकलं, अगदी रात्रभर बंद ठेवून थंड मशीन चालू केलं तरी, तर बोर्डवरचा एखादा सेन्सर बिघडून सतत खोटी ओरड करत असण्याची शक्यता मोठी.

अशा वेळी मुख्य विंडोतल्या बीडी प्रोचॉटची टिक काढली की प्रोसेसर बाहेरून आलेला सिग्नल ऐकणं सोडतो आणि मशीन एका सेकंदात जागं होतं. नेटवर हा उपाय रामबाण म्हणून सांगितला जातो. आमचा सल्ला वेगळा आहे. टिक काढणं ही चाचणी समजा. प्रोसेसर स्वतः तापला तर तो तरीही स्वतःला वाचवेल, ते संरक्षण या टिकवर अवलंबून नाही. पण खरोखर तापलेली व्हीआरएम किंवा ताकदीबाहेर ओढला जाणारा चार्जर यांचा आवाज तुम्ही बंद केलेला असतो. चार्जरची ओळख पटत नसेल तर चार्जर घ्या. सेन्सरच गेला आहे अशी खात्री झाली, वॉरंटी संपली आहे आणि बोर्ड बदलण्याचा खर्च लॅपटॉपच्या किमतीएवढा आहे, तेव्हाच टिक कायमची काढा आणि व्हीआरएमजवळचा भाग हाताला किती तापतो याच्यावर अधूनमधून लक्ष ठेवा.

‘थर्मल’ लाल होत असेल तर गोष्ट सरळ आहे, पण इथेही थोडं बारकाईने बघायला हवं. बेंच सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांतच तापमान १०० ला भिडत असेल, तर उष्णता प्रोसेसरपासून हीटसिंकपर्यंत (उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या भागापर्यंत) पोहोचतच नाहीये: दोघांमधली थर्मल पेस्ट वाळली आहे, किंवा हीटसिंकचा स्क्रू सैल आहे, किंवा मागच्या रिपेअरवाल्याने शेजारच्या चिपवर चुकीच्या जाडीचा थर्मल पॅड लावला आहे. एक मिलिमीटरच्या जागी दीडचा पॅड बसवला की हीटसिंक तिरका उचलला जातो आणि प्रोसेसरवर टेकतच नाही. तेच तापमान पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढत असेल तर हवा अडलेली आहे. पंखा काढून बघा. पंखा आणि जाळीच्या मधोमध धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. बाहेरून ब्लोअर मारून तो नीट निघत नाही, आणि मारायचाच तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं. पेस्ट बदलताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा आणि स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या १, २, ३, ४ याच क्रमाने आवळा. लॅपटॉप प्रोसेसरच्या उघड्या डायवर (झाकण नसलेल्या सिलिकॉनवर) पातळ पेस्ट तापून-थंड होऊन कडेला सरकते, म्हणून सहा महिन्यांत पुन्हा रडगाणं सुरू होतं. तिथे हनीवेलचं पीटीएम७९५० शीट जास्त टिकतं. खोलीचं तापमान जितकं वाढेल साधारण तितकंच प्रोसेसरचंही वाढतं, त्यामुळे जानेवारीत ८० वर राहणारं मशीन विदर्भाच्या मे महिन्यात थर्मल दाखवणारच. चाचणीचे आकडे लिहून ठेवताना खोलीचं तापमानही लिहा.

‘पीएल१’ आणि ‘पीएल२’ म्हणजे विजेची मर्यादा. यात बिघाड कमी आणि कंपनीचा निर्णय जास्त. आय५-८२५०यू हा १५ वॅटचा चिप. लोड आला की तो पीएल२ च्या वरच्या मर्यादेत पळतो, आणि ठरलेला वेळ, बऱ्याच मशीनवर २८ सेकंद, संपला की पीएल१ म्हणजे १५ वॅटवर येतो. मग स्पीड ३.४ वरून साधारण अडीचच्या आसपास उतरतो. हे ठरल्याप्रमाणेच आहे. पण एखाद्या पातळ लॅपटॉपमध्ये पीएल१ दहा वॅटवर आणलेला असतो, आणि तापमान ६५ असूनही मशीन कुथत बसतं. तिथे टीपीएल या विजेच्या मर्यादांच्या विंडोत ‘लाँग पॉवर पीएल१’ वाढवायला हरकत नाही, एकदम न वाढवता दोन-तीन वॅटच्या पायरीने, दर वेळी दहा मिनिटं बेंच चालवून.

आणि इथे बहुतेक जण ठेचकाळतात. टीपीएलमध्ये २५ लिहिलं, अप्लाय केलं, तरी पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर खातो ती एकूण वीज, १५ वरच. कारण विजेची मर्यादा दोन जागी लिहिलेली असते, एक एमएसआर रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या नोंदीत) आणि दुसरी एमएमआयओमध्ये (मेमरीच्या पत्त्यावरून लिहिल्या जाणाऱ्या नोंदीत), आणि प्रोसेसर दोन्हीपैकी लहान आकडा पाळतो. दुसरी जागा लॅपटॉप कंपनीचं फर्मवेअर आणि इंटेलचा डायनॅमिक ट्यूनिंग ड्रायव्हर चालवतात. टीपीएल विंडोतला ‘एमएमआयओ लॉक’ टिक केला की ती दुसरी जागा बाजूला पडते आणि तुमचा आकडा लागू होतो. शेजारी कुलपाचं चिन्ह दिसत असेल तर बायोसने मर्यादा कुलूपबंद केलेली आहे. तिथे थ्रॉटलस्टॉपचे हात बांधलेले आहेत.

‘ईडीपी अदर’ हा करंटच्या मर्यादेचा चौकोन. क्षणभर पिवळा झाला तर सोडून द्या. ‘व्हीआर थर्मल’ लाल झाला तर व्हीआरएम खरोखर तापते आहे. स्वस्त डेस्कटॉप बोर्डवर जास्त वॅटचा प्रोसेसर बसवला की हे दिसतं, कारण तिथे व्हीआरएमवर हीटसिंकच नसतो. सीपीयू पंख्याची हवा तिकडे जाईल असं करा.

आता ज्यासाठी हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे ते अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं. एफआयव्हीआर या व्होल्टेजच्या विंडोत सीपीयू कोअर आणि सीपीयू कॅश यांना ऋण ऑफसेट (व्होल्टेजमधली वजावट) द्यायचा. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, त्यामुळे १.१ व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरला १०० मिलिव्होल्ट कमी दिले तर त्याच स्पीडला सुमारे १७ टक्के वीज वाचते. पीएल१ किंवा थर्मलने अडवलेल्या मशीनसाठी ही फार मोठी मोकळीक आहे, आणि एक रुपयाही लागत नाही. उणे ५० पासून सुरुवात करा, दोन्हीला सारखाच आकडा द्या, दहा-दहाने उतरा. बऱ्याच आठव्या-नवव्या पिढीच्या चिपना उणे ८० ते १२० झेपतं. बेंचमध्ये एरर दिसली, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी आल्या किंवा स्क्रीन निळी झाली, की वीस मिलिव्होल्टने मागे या. नुसत्या लोडवर टिकलं म्हणून पास समजू नका; जास्त अंडरव्होल्ट केलेलं मशीन रिकामं असतानाही पडतं. म्हणून आठवडाभर रोजचं काम करून झाल्याशिवाय थ्रॉटलस्टॉप विंडोजबरोबर सुरू होईल अशी व्यवस्था करू नका. केलीत आणि मशीन सुरू होताच कोसळायला लागलं, तर सेफ मोडमध्ये जाऊन फोल्डरमधली थ्रॉटलस्टॉपची आयएनआय फाइल काढून टाका.

दुर्दैवाने ही सोय नव्या मशीनवर बहुधा मिळणारच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट हा हल्ला जाहीर झाला, ज्यात व्होल्टेज मुद्दाम पाडून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली माहिती काढता येत होती. त्यानंतर बायोस अपडेटमधून व्होल्टेजला कुलूप लागत गेलं. दहाव्या पिढीतल्या बऱ्याच आणि त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपवर एफआयव्हीआरमध्ये ‘लॉक्ड’ दिसतं. काही गेमिंग लॅपटॉपच्या बायोसमध्ये अंडरव्होल्ट प्रोटेक्शन बंद करता येतं. जुना बायोस टाकून कुलूप काढायचे सल्ले मिळतील. त्यासाठी सुरक्षेची दुरुस्ती उलटवणं आम्हाला पटत नाही.

तक्रारीच्या जागाही सांगायला हव्यात. माहितीपत्रक तोकडं आहे, कुठल्या टिकमुळे काय होईल याची सूचना विंडोत जवळजवळ नाही, आणि ‘डिसेबल टर्बो’सारखी टिक चुकून लागली तर माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. विंडोजबरोबर आपोआप सुरू करायचं एक साधं बटण असायला हवं होतं, ते नाही. टास्क शेड्यूलरमध्ये स्वतः टास्क बनवावं लागतं: ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ लावायचं, ‘फक्त चार्जर असताना सुरू करा’ ही अट काढायची आणि तीन दिवसांनी टास्क थांबवण्याचीही. ही शेवटची अट राहिली की चौथ्या दिवशी मशीन पुन्हा ८०० वर, आणि कारण कळत नाही. विंडोज ११ मधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय चालू असताना काही सेटिंग लागूच होत नाहीत. फक्त व्होल्टेजसाठी ती बंद करायची का, हे कामाचा लॅपटॉप असेल तर नाही असंच ठरवा.

सुरक्षेची एक बाब गंभीर आहे. थेट हार्डवेअरशी बोलायचं म्हणून थ्रॉटलस्टॉप खोलवर पोहोचणारा ड्रायव्हर वापरतं, आणि २०२५ मध्ये त्याच ड्रायव्हरची जुनी आवृत्ती हाताशी धरून हल्लेखोरांनी अँटिव्हायरस बंद पाडल्याचं उघड झालं. त्यामुळे टेकपॉवरअपवरची ताजी आवृत्तीच घ्या, टेलिग्रामवर कुणी दिलेली झिप नको, आणि निदानापुरतंच वापरलं असेल तर काम झाल्यावर फोल्डर पुसून टाका.

एएमडीच्या लॅपटॉपवर यातलं काही चालत नाही. रायझनवाल्यांनी एचडब्ल्यूइन्फो हे तितकंच फुकट सॉफ्टवेअर सेन्सर्स-ओन्ली मोडमध्ये उघडावं आणि लोड देऊन पीपीटी (वीज), टीडीसी (सलग करंट), ईडीसी (क्षणिक करंट) आणि थर्मल या मर्यादांच्या ओळी बघाव्यात. तिथे लाल-पिवळं नसतं, टक्के असतात. जी ओळ १०० टक्क्यांना टेकून बसली आहे, ती मर्यादा स्पीड अडवते आहे.